झाड आत, ओळ बाहेर: मराठीत चालणारा रचनाधारित कोड एडिटर कसा बांधावा

नेहमीच्या एडिटरला कोड म्हणजे नुसती अक्षरांची माळ. पार्सर ती मागाहून वाचतो आणि कुठे कंस राहिला, कुठे अवतरण चुकलं ते सांगतो. रचनाधारित एडिटरमध्ये प्रोग्रॅम पहिल्यापासून झाड म्हणूनच साठवलेला असतो: ‘जर’ हा एक नोड (झाडाचा एक सांधा), त्याच्या आत अट, अटीच्या आत ‘ओलावा > १२’. पडद्यावर दिसतं ते त्या झाडाचं चित्र. त्यामुळे कंस राहण्याची चूक मुळात होतच नाही.

कल्पना जुनी आहे. विल्फ्रेड हॅन्सन यांचा एमिली हा एडिटर १९७१ चा, तर टाइटलबॉम आणि रेप्स यांचा कॉर्नेल प्रोग्रॅम सिंथेसायझर १९८१ सालचा. पुढे जेटब्रेन्स कंपनीचा एमपीएस हा रचनाधारित एडिटर आला, २००७ मध्ये मुलांना ठोकळे जोडून प्रोग्रॅम रचायला देणारा स्क्रॅच आला, २०१२ मध्ये त्याच धर्तीचं गूगलचं ब्लॉकली आलं. तरी रोजचा प्रोग्रॅमर अजून साध्या मजकुरातच लिहितो. कारण एकच. या एडिटरांत नवा प्रोग्रॅम रचणं सोपं असतं आणि लिहिलेला बदलणं जिकिरीचं. ‘५ + ३’ लिहायला आधी ‘बेरीज’ निवडा, मग डावं घर भरा, मग उजवं. हात डावीकडून उजवीकडे चालतो आणि एडिटर मुळापासून पानाकडे जायला सांगतो. पुढची जवळजवळ सगळी मेहनत ही अढी काढण्यासाठी आहे.

डोळ्यासमोर जागाही ठरलेली असू द्या, नाहीतर रचना हवेत राहते. इथे धरली आहे ती घाटंजी, मंगरूळपीर, धारणी, अहेरी अशा एखाद्या तालुक्याच्या शाळेतली कॉम्प्युटर खोली. आठ-दहा जुने डेस्कटॉप, कुठे २ जीबी तर कुठे ४ जीबी मेमरी, माउसचं डावं बटण घासलेलं, लाइन कधी जाईल याचा नेम नाही. मुलं घरी वऱ्हाडी बोलतात, काही कोरकू किंवा गोंडी, आणि इंग्रजी ‘इफ-एल्स’ त्यांना पाठ करावं लागतं.

पहिलं काम: कागदावर प्रोग्रॅम, मग नोडची यादी

भाषेचं व्याकरण आधी लिहायला बसू नका. मुलं खरोखर जे लिहितील असे दहा प्रोग्रॅम कागदावर हाताने लिहा. आपल्याकडे हिशेबाचा सगळ्यात ओळखीचा प्रसंग म्हणजे कापसाचं माप. हमीभावाच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण दर, त्यापुढे १२ पर्यंत टक्क्यामागे टक्का कपात आणि १२ च्या वर माल परत, हे कोणत्याही कास्तकाराच्या पोराला सांगावं लागत नाही. (खालचा दर फक्त हिशेबाच्या सोयीसाठी धरला आहे.)

वजन = १५
ओलावा = ११
मूळदर = ७०००
जर ओलावा > १२
    लिहा “माल परत”
नाहीतर जर ओलावा > ८
    दर = मूळदर × (१०० − (ओलावा − ८)) ÷ १००
    लिहा दर × वजन
नाहीतर
    लिहा मूळदर × वजन

उत्तर १,०१,८५० येतं. आता यात किती जातीचे नोड आहेत ते मोजा: विधानांची रांग, नाव देणं, जर, लिहा, संख्या, मजकूर, नाव, दोन बाजूंचं चिन्ह, कंस. नऊ. त्यात ‘इतक्या वेळा’, ‘जोपर्यंत’, यादी, कृती (फंक्शन) आणि कृतीला हाक एवढं घातलं की चौदा झाले. पहिल्या आवृत्तीत पंधरावर जाऊ नका. प्रत्येक नव्या जातीमागे टाइप करणं, खोडणं, निवडणं, पेस्ट करणं अशी चार-पाच वर्तनं स्वतंत्र ठरवावी लागतात, आणि ती ठरवली नाहीत तर एडिटर आपल्या मनाने काहीतरी करतो.

झाड कसं साठवावं

प्रत्येक नोडला चार गोष्टी: न बदलणारा क्रमांक, जात, नावं असलेली घरं (आतले नोड बसायच्या जागा) आणि पालकाचा, म्हणजे ज्याच्या घरात तो बसला आहे त्या नोडचा, क्रमांक. घरं तीनच प्रकारची ठेवा: एकच नोड लागणारं (अट), असलं तर असलं (नाहीतर), आणि रांग (जरच्या आतली विधानं). घरांना नावं द्या, पहिलं-दुसरं असे क्रमांक नकोत. सहा महिन्यांनी ‘जर’ला आणखी एक घर जोडलं की क्रमांकांवर चालणाऱ्या जुन्या फाइली उघडत नाहीत.

रिकामं घर म्हणजे ‘काही नाही’ असं धरू नका. रिकामी जागा हा स्वतःच एक नोड आहे, त्याला आपण खाच म्हणू. खाचेला क्रमांक असतो, तिच्यावर कर्सर उभा राहतो, तिथे काय बसतं हे तिला ठाऊक असतं. रिकाम्या घरासाठी नल (null, ‘काही नाही’ सांगणारी किंमत) वापरला की कर्सर, अनडू आणि पेस्ट या तिन्ही ठिकाणी वेगळी तपासणी लिहावी लागते आणि त्यातली एक हमखास राहून जाते.

चुकीच्या जातीचा नोड घरात आला तर तो नाकारू नका. मुलाने ‘वजन = “पंधरा”’ लिहिलं आणि पुढे गुणाकारात वापरलं, तर तो भाग लाल नागमोडी रेषेने वेढा आणि तसाच राहू द्या. सायरस ओमर आणि सहकाऱ्यांच्या हेझल या एडिटरमागे हाच विचार आहे: अर्धवट प्रोग्रॅमलाही अर्थ असतो, त्यात खाचा असतील, न जुळणारे तुकडे असतील, तरी बाकीचा भाग तपासता आणि चालवताही येतो. आमच्या मते नियम इतकाच असावा: रचना कधीच मोडू द्यायची नाही, जातीची चूक मात्र दाखवायची आणि चालवून घ्यायची. दोन्ही अडवलं तर मूल मधल्या पायरीवरच अडकतं, कारण बहुतेक दुरुस्त्या एका चुकीच्या अवस्थेतून जातच पुऱ्या होतात.

नावांचा प्रश्न लगेच येतो. ‘दर’ हा वापर मूळ घोषणेच्या क्रमांकाने जोडला की नाव बदलणं फुकटात होतं, एका जागी बदला आणि सगळीकडे बदलतं. पण तोच तुकडा दुसऱ्या फाइलमध्ये पेस्ट केला की क्रमांक अनाथ होतो. म्हणून दोन्ही ठेवा, क्रमांक आणि शेवटचं दिसलेलं नाव. पेस्ट झाल्यावर क्रमांक सापडला नाही तर त्या नावाची घोषणा वरच्या ओळींत शोधा. तीही नसेल तर नाव लाल दाखवा.

टाइप करण्याची वाट

कॉर्नेलच्या त्या जुन्या एडिटरने एक शहाणपण केलं होतं. विधानांचे साचे तयार मिळत, पण आतलं गणित साध्या मजकुरासारखं टाइप करायचं आणि लगेच पार्स व्हायचं. ग्रीनफूट या शिकाऊ मुलांच्या एडिटरमधली स्ट्राइड ही भाषाही विधानाच्या पातळीवर चौकट आणि आत टाइप करणं हीच विभागणी ठेवते. लहान चमूने हाच रस्ता धरावा.

विधानांसाठी कृती सोपी. रिकाम्या ओळीवर मूल ‘जर’ टाइप करतं आणि स्पेस देतं, की साचा उघडतो आणि कर्सर अटीच्या खाचेत जातो. पण आपोआप स्वीकारायची घाई करू नका. यादीत ‘नाही’ आणि ‘नाहीतर’ दोन्ही असतील तर पूर्ण जुळला तरी लहान शब्द स्पेस येईपर्यंत धरू नये. नाहीतर ‘नाही’ एवढ्यावर साचा उघडतो आणि ‘तर’ खाचेत जाऊन पडतो.

गणिताचं खरं दुखणं प्राधान्यक्रमात आहे. मूल ‘५ + ३ × २’ असं ओळीने टाइप करतं. सोपी वाटणारी रीत अशी: चिन्ह आलं की कर्सर ज्या पानाच्या उजव्या टोकाला आहे तिथून वर चढत जायचं. आपण पालक-चिन्हाचं उजवं मूल असू आणि त्याचं प्राधान्य नव्या चिन्हाइतकं किंवा जास्त असेल तोवर चढायचं, थांबू तिथल्या नोडला नव्या चिन्हात गुंडाळायचं. ५, मग +, मग ३. आता × आलं, वरचा + हलका आहे म्हणून चढायचं नाही, फक्त ३ गुंडाळला जातो. पुढे − आलं तर × ओलांडायचा, + ही ओलांडायचा आणि सगळ्यालाच वजाबाकीत घालायचं. झकास चालतं.

बिघडतं ते मधे लिहिताना. ‘५ × ३’ आधीच आहे. कर्सर ५ च्या मागोमाग नेऊन ‘+ ४’ टाइप केलं. ५ हे गुणाकाराचं डावं मूल असल्याने चढाई होत नाही, तिथेच गुंडाळणी होते आणि झाडात ‘(५ + ४) × ३’ बसतं. पडद्यावर मात्र ‘५ + ४ × ३’ दिसतं. मूल वाचतं १७ आणि यंत्र सांगतं २७. झाड आणि चित्र यांची अशी फारकत झाली की एडिटरवरचा विश्वास गेलाच.

म्हणून चढाईची रीत सोडा. प्रत्येक चिन्ह-बदलानंतर कर्सरच्या आसपासची पूर्ण साखळी, म्हणजे दोन कंसांच्या किंवा दोन घरांच्या सीमांमधला भाग, सपाट करा: ५, +, ४, ×, ३. मग ती प्राधान्याने पुन्हा बांधा. त्यासाठी वॉन प्रॅट यांची १९७३ ची रीत पुरते, चाळीस-पन्नास ओळींत ती लिहून होते. बांधताना पानांचे जुने क्रमांक तसेच ठेवा, नाहीतर त्यांना जोडलेले संदर्भ, रंग आणि कर्सर सगळं हलतं. साखळ्या क्वचितच वीस तुकड्यांच्या वर जातात, त्यामुळे जुन्या मशीनवरही हे जाणवत नाही.

कंस हा वेगळा नोड ठेवा आणि तो मुलाने लिहिला म्हणूनच राहू द्या. गरज नसलेला कंस एडिटरने आपण होऊन काढू नये, तो वाचणाऱ्यासाठी लिहिलेला असतो. ‘(’ टाइप केलं की साखळीच्या शेवटी फिकट ‘)’ उभा करा. मूल पुढे जिथे ‘)’ टाइप करेल तिथे तो फिकट कंस सरकून गडद होतो. कर्सर नेमका फिकट कंसासमोर असेल तर ‘)’ दाबल्यावर नुसता ओलांडला जावा, दुसरा उगवू नये. प्रोग्रॅम चालवताना फिकट कंस खरा धरा.

खोडणं हीच परीक्षा

‘वजन + बारदाना’ मधलं + खोडलं. आता दोन पानं एका घरात आहेत आणि त्यांना जोडणारं काही नाही. पुष्कळ एडिटर इथे खोडूच देत नाहीत किंवा उजवी बाजू गिळून टाकतात. दोन्ही चूक. मधे चिन्हाची खाच ठेवा, ‘वजन ▫ बारदाना’, आणि तिथे नवं चिन्ह टाइप झालं की वरच्याच सपाटीकरणाने बांधा. + चा − करणं ही रोजची दुरुस्ती आहे, ती दोन कळांत व्हायला हवी.

मोठ्या नोडसाठी बॅकस्पेस दोन टप्प्यांत: पहिल्या दाबण्याला पूर्ण ‘जर’ निवडला जातो, दुसऱ्याला जातो. एका दाबात बारा ओळी नाहीशा झाल्या की मूल घाबरतं, आणि अनडूची कळ त्याला त्या क्षणी आठवत नाही. ‘नुसतं कवच काढा’ ही वेगळी कृती द्या, म्हणजे जर काढला तरी आतली विधानं जागेवर राहतील. उलट बाजूने, तीन ओळी निवडून ‘जर’ टाइप केलं तर त्या त्याच्या पोटात जाव्यात. गुंडाळणं आणि उलगडणं या दोन कृती चांगल्या बसल्या की रचनाधारित एडिटर मजकुरापेक्षा खरोखर वेगवान वाटायला लागतो.

कर्सर आणि निवड

डावा-उजवा बाण दिसणाऱ्या क्रमाने चालवा, झाडाच्या क्रमाने नव्हे. ‘जर’सारख्या ठरलेल्या शब्दांच्या आत कर्सर थांबू नये, तो त्यांच्या आधी किंवा नंतरच थांबावा. वर-खाली बाण पडद्यावरच्या ओळीप्रमाणे. पालकाकडे जायला कंट्रोल आणि वर-बाण: एकदा दाबलं की पान, पुन्हा दाबलं की साखळी, मग अट, मग पूर्ण जर. शिफ्टने केलेली निवड दोन नोडची सीमा ओलांडून अर्धी-अर्धी गेली तर दोघांना पोटात घेणाऱ्या रांगेतली पूर्ण विधानं निवडा आणि तसं लगेच रंगवून दाखवा.

माउसने ओढणं हा एकमेव मार्ग ठेवू नका. घासलेलं बटण ओढता ओढता मधेच सुटतं आणि तुकडा भलत्याच घरात पडतो. एका क्लिकने उचला, दुसऱ्या क्लिकने ठेवा, मधे एस्केप दाबला की मूळ जागी परत, ही सोय हवीच. मोबाइलवरही तीच कामी येते.

देवनागरीचं टाइपिंग: इथे निम्मे एडिटर आपटतात

इन्स्क्रिप्ट हा देवनागरीचा कीबोर्ड चालू असताना वरच्या रांगेत शिफ्ट धरून ८ दाबलं की गुणाकाराचा तारा येत नाही, ‘श्र’ येतो. ५ वर ‘ज्ञ’, ७ वर ‘क्ष’. बरोबरच्या चिन्हाच्या कळीवर ‘ृ’, तिरप्या रेघेच्या कळीवर ‘य’, लहान-मोठ्याच्या दोन चिन्हांपैकी एका जागी ‘ष’ आणि दुसऱ्या जागी दंड. म्हणजे मराठीत नाव लिहिणाऱ्या मुलाला दर चिन्हासाठी कीबोर्ड बदलावा लागतो. उजवीकडची अंकांची पट्टी असेल तर + − आणि गुणाकार-भागाकार तिथून मिळतात, पण = आणि > तिथेही नाहीत.

उपाय रचनाधारित एडिटरलाच शोभणारा आहे: टाइप करताना शब्द, दाखवताना चिन्ह. ‘अधिक’, ‘वजा’, ‘गुणिले’, ‘भागिले’, ‘जास्त’, ‘कमी’, ‘समान’ हे शब्द चिन्हाच्या जागी स्वीकारा आणि नोड बनवताना + − × ÷ > < = दाखवा. चिन्ह टाइप झालं तर तेही घ्या.

मग अटसुद्धा शब्दांतच का दाखवू नये? मोह होतो, पण इथे सामान्यरूप आडवं येतं. साचा ‘▫ पेक्षा जास्त’ असा केला आणि खाचेत ‘मर्यादा’ आली तर ‘मर्यादा पेक्षा जास्त’ दिसतं. मराठी माणूस ‘मर्यादेपेक्षा’ म्हणतो. ‘कापूस’चं ‘कापसात’, ‘पोतं’चं ‘पोत्यात’, ‘पऱ्हाटी’चं मात्र ‘पऱ्हाटीत’. नावं मुलांनी दिलेली, त्यांची रूपं यंत्राने घडवायची म्हणजे शब्दकोश सोबत बाळगणं आलं, आणि घडवली तरी एकच नाव चार ठिकाणी चार तऱ्हेने दिसून मूल गोंधळतं. म्हणून खाचेला लागून प्रत्यय येईल असा साचाच करू नका. ‘प्रत्येक: पोतं, यादी: मोंढा’ असे उभे शब्द ठेवा. ‘१० वेळा’ चालतं, कारण ‘वेळा’च्या आधीच्या संख्येचं रूप बदलत नाही.

टाइप झालेलं अक्षर पकडायची जागाही नीट निवडा. की-डाउनवर (कळ दाबल्याची ब्राउझरची सूचना) विसंबू नका: अँड्रॉइडवर बहुतेक वेळा तिथे २२९ हाच आकडा येतो, आणि रेमिंग्टन (टाइपरायटरच्या) पद्धतीत पहिली वेलांटी आधी टाइप होते, व्यंजन नंतर, त्यांचा क्रम इनपुटचा प्रोग्रॅम मागाहून लावतो. ब्राउझरमध्ये बांधत असाल तर पूर्ण झाडाला संपादनयोग्य करू नका. एक लपवलेली मजकूर-पेटी नेमकी कर्सरच्या जागी ठेवा, रचना चालू असताना (कम्पोझिशन सुरू ते समाप्त) झाडाला हात लावू नका, संपल्यावरच मजकूर उचला. पेटी भलत्या कोपऱ्यात ठेवली तर अक्षरं सुचवणारी खिडकीही त्याच कोपऱ्यात उघडते.

‘क्षि’ हे डोळ्याला एक अक्षर, युनिकोडमध्ये चार: क, हलन्त, ष, वेलांटी. बाणाने ते एका उडीत ओलांडलं जावं, बॅकस्पेसने मात्र शेवटची वेलांटी तेवढी जावी, कारण टाइप करणाऱ्याची चूक बहुधा मात्रेतच असते. आणि नावांची तुलना करण्याआधी ती साफ करा. ‘ॲ’ हे एकच चिन्ह म्हणूनही टाइप होतं (०९७२) आणि अ अधिक अर्धचंद्र (०९०५, ०९४५) असंही. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण या दोघांना एक करत नाही. ‘पऱ्हाटी’तला र् सुद्धा दोन वाटांनी येतो, ऱ (०९३१) वापरून किंवा साध्या र ला न दिसणारं जोडचिन्ह लावून. दिसायला सारखी, यंत्राला वेगळी. मग ‘हे नाव कुठेच नाही’ असा संदेश येतो आणि मूल पडद्याकडे बघत राहतं, कारण नाव तर समोरच आहे. स्वतःची लहान तक्ती करून अशा जोड्या एका रूपात आणा.

अंकांचंही तसंच. दोन्ही लिपींतले अंक स्वीकारा, किंमत साठवा आणि दाखवताना फाइलभर एकच लिपी ठेवा. इंग्रजी 9 आणि मराठी १ यांचं वळण इतकं जवळचं आहे की मिसळ झाली तर वाचणारा फसतो. लाख-हजारांचे स्वल्पविराम फक्त दाखवायला ठेवा, टाइप करताना स्वल्पविराम आला तर तो यादीतला धरा.

ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट तरी हवं, नाहीतर वरचे रफार आणि खालचे उकार चौकटीच्या रेघेखाली कापले जातात. देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसल्याने रकाने मोजून मांडणी करू नका. आत सरकवलेलं अंतर झाडाच्या खोलीवरून काढा.

कॉपी, पेस्ट आणि पार्सर

रचनाधारित एडिटर आहे म्हणून पार्सर लागणार नाही, हा भ्रम पहिल्याच आठवड्यात मोडतो. फळ्यावरच्या किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या प्रोग्रॅमचा मजकूर मुलं पेस्ट करणारच. क्लिपबोर्डवर दोन रूपं ठेवा: साधा मजकूर आणि सोबत झाडाचं जेसन (रचना मजकुरात लिहून ठेवायची एक ठरलेली पद्धत). पेस्ट करताना जेसन असेल तर ते, नसेल तर मजकूर पार्स करा. जो भाग पार्स झाला नाही तो फेकू नका, ‘कच्चा मजकूर’ या जातीच्या नोडमध्ये राखाडी रंगात ठेवा आणि त्यात बदल झाला की पुन्हा पार्स करून बघा. पेस्ट झालेल्या प्रत्येक नोडला नवा क्रमांक द्यायला विसरू नका. एकाच क्रमांकाचे दोन नोड झाले की एकात केलेला बदल दुसऱ्यात उमटतो, आणि ही चूक शोधायला दिवस जातात.

लाइन जाते तेव्हा

दर पाच मिनिटांनी सेव्ह पुरत नाही. प्रत्येक कृती घडताक्षणी एका नोंदवहीत शेवटी जोडा: कोणता नोड, कोणत्या घरात, आधी काय होतं, आता काय आहे. मशीन पुन्हा चालू झालं की शेवटची पूर्ण फाइल उघडा आणि नोंदी ओळीने लागू करा. शेवटची ओळ अर्धवट लिहिलेली असू शकते, ती सोडून द्या. पूर्ण फाइल लिहिताना आधी दुसऱ्या नावाने लिहा, मग नाव बदला. थेट जुन्या फाइलवर लिहिताना लाइन गेली तर जुनंही गेलं आणि नवंही.

‘आधी काय होतं’ हे नोंदीत असल्याने अनडू जवळजवळ फुकट मिळतं. फक्त दोन गोष्टी पाळा. सलग टाइप केलेली अक्षरं एका अनडूत बांधा, आणि अनडूनंतर कर्सरही जुन्या जागी न्या.

साठवायची फाइल वाचता येईल अशी ठेवा: एका ओळीत एक विधान, ठरलेल्या एकाच मांडणीत, क्रमांक वेगळ्या जोडफाइलमध्ये. म्हणजे गिटमध्ये (फाइलींच्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम) फरक दिसतो आणि एडिटर बंद पडला तरी मास्तरांना कोड साध्या नोटपॅडमध्ये वाचता येतो.

तपासणी

आधी यंत्राकडून. दहा हजार यादृच्छिक कृती चालवा (घाल, खोड, पेस्ट, गुंडाळ, बाण) आणि दर कृतीनंतर पाच गोष्टी बघा: प्रत्येक क्रमांक एकमेव आहे का, प्रत्येक घरात त्या घराची जात, खाच किंवा लाल वेढ्यातला नोड आहे का, कर्सर खऱ्या जागेवर आहे का, झाड छापून पुन्हा पार्स केलं तर तेच झाड येतं का, सगळं अनडू केलं तर सुरुवातीला पोचतो का. ‘५ + ४ × ३’सारखी फारकत चौथ्या तपासणीत लगेच उघडी पडते.

मग मुलं. पाच पुरेत, पण त्यांना कोरा प्रोग्रॅम लिहायला देऊ नका, तिथे प्रत्येक ब्लॉक एडिटर छानच दिसतो. वरचा कापसाचा प्रोग्रॅम उघडा आणि बदल सांगा: १२ ची मर्यादा ‘मर्यादा’ या नावात काढा, ‘दर × वजन’मध्ये वजनातून बारदान्याचं वजन वजा करा, शेवटची ओळ ‘वजन > ०’ या अटीत घाला, ‘दर’चं नाव ‘हातीदर’ करा. प्रत्येक बदलाला किती कळा लागल्या ते मोजा आणि साध्या मजकुरात किती लागल्या असत्या त्याच्याशी ताडा. पाचव्या हिश्शाहून जास्त फरक असेल तर त्या कृतीची वाट पुन्हा आखा. आणि कीबोर्डवर चाललेला हात माउसकडे नेमका कुठे वळतो ती जागा लिहून ठेवा. बहुतेक वेळा ती सूत्राच्या मधोमध असते, जिथे एक संख्या काढून दुसरी घालायची आहे आणि कर्सर कुठे उभा आहे हेच मुलाला दिसत नाही. तिथे कर्सर जाड करा, तो ज्या घरात आहे त्या घराला फिकट पिवळी पार्श्वभूमी द्या, आणि तीच चाचणी दुसऱ्या पाच मुलांवर घ्या.